त्रोनहेम ते किरुना: बाबा, मी आणि डावीकडची खिडकी

गिट्टी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आठेक वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

नॉर्वेचे धागे इथे बरेच आहेत, पण बहुतेक क्रूझचे किंवा दक्षिणेतल्या फ्लॉमच्या गाडीचे. आम्ही जूनमध्ये (२०२५) त्याच्या कितीतरी वर गेलो होतो. त्रोनहेमहून बुडो, तिथून बसने नार्विक, आणि नार्विकहून पुन्हा रेल्वेने डोंगर चढून स्वीडनमधलं आबिस्को आणि किरुना. आम्ही म्हणजे मी आणि माझे बाबा. बाबांचं वय ७६. रेल्वेत पीडब्ल्यूआय होते, म्हणजे रूळ, स्लीपर, खडी ही सगळी त्यांची जबाबदारी. शेवटची बरीच वर्षं कसारा-इगतपुरी घाटात काढली. आई गेल्यावर त्यांनी कुठे जायचं नावच काढलं नव्हतं. मी एकदा सहज म्हटलं, "बाबा, आर्क्टिक वृत्त ओलांडून जाणारी रेल्वे आहे." तर पेपर खाली न ठेवताच म्हणाले, "सिंगल लाईन असेल."

सिंगल लाईनच आहे. वर डिझेलवर चालते.

त्रोनहेम ते बुडो ७२९ किलोमीटर, साधारण दहा तास. सकाळी निघणारी गाडी घ्या. रात्रीचीही आहे, झोपायच्या डब्यासकट, आणि जूनमध्ये उत्तरेत अंधार पडत नसल्यामुळे त्या गाडीतूनही दिसतं म्हणे, पण माणसाला झोप येतेच ना. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगून टाकते: डावीकडची खिडकी. सुरुवातीला त्रोनहेमचा फ्योर्ड (डोंगरांमधून आत शिरलेला समुद्राचा फाटा) डावीकडे, स्टाइनशेर सोडलं की स्नोसा नावाचं लांबच लांब तळं डावीकडे, आणि शेवटी रोग्नान ते फाउस्के पाणी पुन्हा डावीकडेच, इतकं जवळ की डब्यातून ओहोटीचा वास येईल असं वाटतं. नार्विकहून चढतानाही डावीकडेच बसा.

निघाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात 'हेल' नावाचं स्टेशन लागतं. हो, स्पेलिंग तेच. त्या जुन्या लाकडी स्टेशनावर 'गॉड्स-एक्स्पेडिशोन' अशी पाटी आहे आणि इंग्रजी येणारे सगळे तिचा फोटो काढून हसतात. बाबांनी पाटी वाचली आणि म्हणाले, "गुड्स ऑफिस." बरोबर तेच! जुन्या नॉर्वेजियनमध्ये गॉड्स म्हणजे मालवाहतूक. अख्ख्या डब्यात विनोद न कळलेला आणि अर्थ कळलेला माणूस एकटा माझा बाप.

ग्रोंगनंतर माणूस विरळ होत जातो. नदी, स्प्रूस, भूर्ज, पुन्हा नदी. मुशोएनला लाकडी घरांची जुनी ओळ आहे म्हणून उतरायचं ठरवलं होतं, पण एक गाडी सोडली की दुसरीसाठी फार वेळ थांबावं लागतं, म्हणून राहून गेलं. मो-इ-राना गेलं की गाडी साल्टफ्येल पठारावर चढू लागते. झाडं आधी बुटकी होतात, मग नाहीशीच होतात. जून मध्यावर आला तरी बर्फाचे पट्टे होते. ६८० मीटरच्या आसपास उंची, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या निम्मीच, पण इथे तेवढ्यात सगळं उघडंबोडकं. आर्क्टिक वृत्त येतं तेव्हा उद्घोषणा होते, गाडी हळू होते आणि रुळांच्या बाजूला दगडी खुणा दिसतात. सगळे मोबाईल घेऊन उठले. बाबा मात्र पुढच्या बर्फरोधक छपराकडे बघत होते. रुळांवर लांबलचक बोगद्यासारखं छप्पर बांधतात, वारा बर्फ आणून रुळांवर ढीग लावू नये म्हणून. "आपल्याकडे दरड, यांच्याकडे बर्फ. माणूस तोच रात्री कंदील घेऊन जाणारा," एवढंच बोलले.

संध्याकाळी बुडो. पुढचं उद्या लिहिते, हात दुखले.

तात्या_तारकर्ली

पहिला प्रतिसाद माझा! ताई, झकास. आमच्या कोकण रेल्वेची लांबी पण ७४० च्या आसपास. म्हणजे जवळजवळ जुळी भावंडं की हो!

शंकेखोर

जुळी कसली. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली, चढ कुठेही दीडशेला एकपेक्षा (दीडशे मीटर पुढे गेलं की एक मीटर वर) जास्त नाही, आणि २०२२ पासून सगळी विजेवर. ही नॉर्वेची लाईन त्रोनहेमकडून तुकड्या-तुकड्याने सरकत बुडोला १९६२ मध्ये पोचली आणि अजून डिझेलवर. रस्त्यावर विजेच्या गाड्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त असणारा देश म्हणून ज्याचं कौतुक चालतं, तिथे डिझेल इंजिन आणि आपल्या रत्नागिरीत विजेचं. हे कुणी व्हॉट्सॲपवर पाठवत नाही!

तात्या_तारकर्ली

पाठवलं. चार ग्रुपवर.

अवनी_त्रोनहेम

गिट्टी, फार छान लिहिताय. मी इथे बारा वर्षं राहते आणि ही गाडी नेहमीची आहे. उच्चार 'बुडो' लिहिलात त्याबद्दल विशेष आभार, नाहीतर सगळे 'बोडो' म्हणतात. शेवटचा स्वर आपल्याकडे नाहीच, त्यामुळे नाइलाज.

एक गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे. मो-इ-रानाच्या पुढचा बराच मार्ग दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी युद्धकैद्यांकडून करून घेतला. हजारो सोव्हिएत आणि युगोस्लाव्ह कैदी, उणे तापमानात, अंगावर धड कपडे नाहीत. रोग्नानजवळ बोत्न नावाची जागा आहे, तिथे युगोस्लाव्ह कैद्यांची दफनभूमी आहे. जवळच्या रस्त्याला आजही 'रक्ताचा रस्ता' म्हणतात. डावीकडच्या खिडकीतून फ्योर्ड सुंदर दिसतो हे खरंच, पण मी रोग्नान आलं की गप्प बसते.

गिट्टी

अवनी, हे मला परत आल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर रोग्नानला उतरलो असतो. बाबांना आत्ता वाचून दाखवलं.

नस्ती_उठाठेव

ताई राग मानू नका, पण एवढे पैसे घालून रूळ बघायला जायचं? त्याच पैशात पॅरिस-स्विस-इटली होतं, दहा दिवसांत, जेवणासकट, गुजराती कूक बरोबर.

शंकेखोर

होतं ना. आणि आल्यावर कुठला आल्प्स कुठला ते सांगता येत नाही.

नस्ती_उठाठेव

मला येतं. माझ्याकडे फोटो आहेत, मागे तारीख लिहून.

गिट्टी

उठाठेव, राग नाही. खर्च झालाच, तो लपवत नाही. पण तिकिटं बरीच आधी काढली तर बऱ्यापैकी स्वस्त पडतात, आणि आम्ही हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेल्या खोल्या घेतल्या. मुगाची डाळ आणि तांदूळ इथून नेले होते.

पुढचा भाग. बुडोला दोन दिवस. गाव युद्धात, मे १९४० मध्ये, बॉम्बने जवळजवळ पुसलं गेलं, त्यामुळे जुनं असं फार नाही. तीसेक किलोमीटरवर साल्टस्ट्राउमेन आहे. दोन फ्योर्डांच्या मधली दीडशे मीटर रुंदीची चिंचोळी खाडी. भरती-ओहोटीला दर सहा तासांनी सगळं पाणी त्या एवढ्याशा फटीतून आत-बाहेर करतं. पुलावरून खाली बघितलं तर भोवरे असे फिरतात की रांजणात रवी घातलीय असं वाटावं. वेळापत्रक बघून जा, भर जोराची वेळ चुकली तर साधी नदी दिसते.

रात्री साडेबाराला बाबा धक्क्यावर बसले होते. सूर्य समोर. बुडोला साधारण ४ जून ते ८ जुलै तो मावळतच नाही. मी म्हटलं चला झोपायला. म्हणाले, "नाईट पेट्रोलिंगला इथे कंदील लागत नसणार." मी मुकाट्याने शेजारी बसले.

इथून लोक लोफोतेन बेटांवर बोटीने जातात. आम्ही एकच दिवस जाऊन आलो, त्यामुळे त्यावर अधिकारवाणीने बोलत नाही. मासे वाळवायच्या लाकडी मांडवांचे उंच सांगाडे मात्र जागोजागी होते, सगळे रिकामे.

तात्या_तारकर्ली

रिकामे का? सीझन नव्हता?

अवनी_त्रोनहेम

कॉड फेब्रुवारी ते एप्रिल मिळतो, तेव्हाच टांगतात. मीठ लावत नाहीत, नुसता थंड वारा. जूनपर्यंत उतरवून झालेला असतो. चांगला माल इटलीला जातो, आणि मुंडकी वेगळी वाळवून नायजेरियाला. तिथे रश्श्याला त्यांची फार मागणी आहे.

तात्या_तारकर्ली

आमच्याकडे मीठ लावल्याशिवाय टिकायचं नाही, हवाच तशी. बोंबील तेवढे नुसते उन्हात वलांडीवर. पण मुंडकी टाकून न देणारी माणसं दिसली की मला बरं वाटतं. देश कुठचाही असो.

खवय्या_नंबर_दोन

शाकाहारी माणसाचं काय होतं तिथे? खरं सांगा. आणि तो तपकिरी चीज कसा लागतो?

गिट्टी

शाकाहारी माणूस ब्रेड, बटाटा, सुपरमार्केट यावर जगतो. मी स्वतः मासे खात नाही, जगले. ब्रूनोस्ट म्हणजे ते तपकिरी चीज: बासुंदीच्या पातेल्याला तळाशी लागलेली खरवड आठवा, त्यात चिमूटभर मीठ. मला आवडलं. बाबांनी एक काप खाल्ला आणि बाकीचं आदराने माझ्याकडे सरकवलं. त्यांनी मासळीचं सूप मात्र तीनदा घेतलं, दर वेळी "तिरफळ हवं होतं" म्हणत.

संध्याछाया

एक विचारू का, हसू नका. सूर्य मावळतच नाही तर संकष्टी कशी सोडायची? आमच्या सासूबाई विचारतायत, त्यांची भाची तिकडे आहे.

शंकेखोर

हसत नाही, प्रश्न चांगला आहे. उन्हाळ्यात सूर्य तिथे सतत वर असतो, म्हणजे पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र, जो सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो, तो क्षितिजाला टेकून सरकतो किंवा वर येतच नाही. हिवाळ्यात नेमकं उलटं, पौर्णिमेचा चंद्र मावळत नाही. भाचीने मुंबईचा चंद्रोदय धरावा.

संध्याछाया

सासूबाई म्हणतात भाची तसंही पाळत नाही.

गिट्टी

:)

आता ज्याच्यासाठी गेलो तो भाग.

बुडो ते नार्विक रेल्वे नाही. नकाशात बघा, फाउस्केला रूळ पश्चिमेला वळून बुडोला संपतात आणि उत्तरेला नुसता रस्ता. युद्धात जर्मनांना मार्ग पुढे न्यायचा होता, नंतर नॉर्वेत अनेक दशकं चर्चा झाल्या, रूळ काही पुढे गेले नाहीत. त्यामुळे बसने साताठ तास, मध्ये बोग्नेसला बससकट फेरीबोटीत. आणि गंमत ही की नार्विकला रेल्वे आहे, पण ती उरलेल्या नॉर्वेला जोडलेलीच नाही. ती फक्त स्वीडनला जाते.

कारण ती नॉर्वेच्या माणसांसाठी बांधलीच नाही, लोखंडासाठी बांधली. किरुनाच्या डोंगरात कच्चं लोखंड, स्वीडनचं जवळचं बंदर लुलेओ, पण तिथला समुद्र हिवाळ्यात गोठतो. नार्विक त्याहून उत्तरेला असूनही अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे बारा महिने उघडं. म्हणून डोंगर फोडून समुद्रापर्यंत रूळ आणले. १९०२ मध्ये गाड्या धावू लागल्या, १९०३ मध्ये राजा ऑस्कर दुसरा याच्या हस्ते उद्घाटन झालं. नार्विकपासून सरहद्दीपर्यंत फक्त ४३ किलोमीटर, पण तेवढ्यात समुद्रापासून पाचशे मीटर वर.

आमचं तिकीट सकाळचं होतं. स्टेशनवर गेलो तर गाडी रद्द, बदली बस. नॉर्वेजियनमध्ये याला 'बुस फॉर तूग' म्हणतात. गाडीऐवजी बस. कुणी आरडाओरडा केला नाही, लोक निमूट बसमध्ये चढले. मी पण बॅगा उचलल्या. बाबा हलले नाहीत. "मी बसने आलोय इथपर्यंत," म्हणाले. एवढंच. मग आबिस्कोची खोली फोन करून एक दिवस पुढे ढकलली, त्याचे पैसे गेले, नार्विकला दुसरी शोधली. दुपारभर बाबा स्टेशनजवळच्या पुलावर उभे राहून मालगाड्या मोजत होते, आणि मी चिडून कॉफी पीत होते.

दुसऱ्या दिवशी गाडी सुटली. रोम्बाक फ्योर्ड डावीकडे खाली-खाली जात राहतो, बोगदा, छप्पर, बोगदा. खालच्या टोकाला, रोम्बाक्सबोत्नमध्ये, १९४० मध्ये बुडवलेल्या जर्मन विनाशिकेचा गंजका सांगाडा अजून पाण्याबाहेर आहे. रूळ बांधणाऱ्या मजुरांच्या जुन्या वाटेने खाली उतरून जाता येतं, आम्ही नाही गेलो. नॉर्ददालचा जुना लोखंडी पूल बाजूला तसाच ठेवलाय, आता गाड्या नव्या मार्गाने जातात. कात्तरातला थांबलो. या स्टेशनला रस्ताच नाही, जायचं तर रेल्वेनेच. बाहेर नारिंगी जाकिटातली तीन माणसं रुळांवर काम करत होती. बाबांनी काचेतून हात सरळ वर केला, आपल्याकडे गाडी पुढे जाताना दाखवतात तसा. त्यातल्या एकाने फावड्यासकट हात वर केला.

इथे समोरून लोखंडाची गाडी आली. ६८ डबे. प्रत्येकात शंभर टन. पुढे दोन इंजिनं जोडलेली. बाबांनी सगळे डबे मोजले, मोठ्याने, मराठीत. समोरच्या सीटवरची स्वीडिश आजी त्यांच्याबरोबर मान हलवत होती.

शंकेखोर

गिट्टी, या गाड्यांची खरी गंमत बाबांना सांगितलीत का? भरलेली गाडी उतरते आणि रिकामी चढते. उतरताना इंजिनं ब्रेक लावतात ते मोटरींचा जनित्र करून, आणि ती वीज तारेत परत जाते. सरहद्दीपासून खाली येणारी भरलेली गाडी एवढी वीज देते की रिकामी गाडी सरहद्दीपर्यंत परत चढवायला ती पुरते.

गिट्टी

त्यांनीच मला सांगितलं! गावातल्या म्युझियममध्ये वाचलं होतं त्यांनी. मग अर्धा तास कसाऱ्याचं ऐकलं: आपला घाट सदतीसला एक, मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावल्याशिवाय गाडी चढत नाही. इथला साधारण अठ्ठावन्नला एक. "आपला कठीण," असा निकाल लागला.

पुण्यात_पाऊस

एक व्यवहाराचा प्रश्न. पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबांना न्यायचा विचार आहे. व्हिसा कुठल्या देशाचा? आणि काही धोके?

अवनी_त्रोनहेम

व्हिसा शेंगेन. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. भेटीची वेळ मिळणं हीच कसरत असते, लवकर सुरू करा.

धोक्याचं म्हणाल तर बेत घट्ट बांधू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये फिन्नेइद्फ्योर्डजवळ दरडीमुळे बुडोची गाडी घसरली, चालक गेला. ऑगस्ट २०२५ च्या शेवटी लेवांगरजवळ जमीनच सरकली आणि रेल्वे आणि ई-६ महामार्ग दोन्ही वाहून गेले. इथे 'क्विक क्ले' असते: हिमयुगानंतर समुद्राखाली साचलेली चिकणमाती, जमीन वर आली, पावसाने त्यातलं मीठ हजारो वर्षं धुतलं. वरून घट्ट दिसते, धक्का बसला की ताकासारखी वाहते. तारखा ठरवायच्या आधी मार्ग सुरू आहे का ते बघाच.

तात्या_तारकर्ली

२००३ ची वैभववाडीची रात्र आठवली. जूनच होता. दरडीवर गाडी गेली, पन्नासच्या वर माणसं गेली. तेव्हापासून पावसाळ्यात गाड्या हळू चालवतात तर लोक शिव्या देतात. मी देत नाही.

गिट्टी

तात्या, बाबाही हेच म्हणाले. उशीर झालेली गाडी म्हणजे कुणीतरी जागा असल्याची खूण, असं त्यांचं जुनं म्हणणं आहे.

पाऊस, आई-बाबांना नेताना दोन गोष्टी: डोळ्यांवर बांधायची काळी पट्टी, आणि आबिस्कोसाठी डासांचं मलम. जुलैत डास भयंकर असतात असं तिथल्या मुलीने सांगितलं, आम्हाला जूनमध्येच पुरेसे भेटले.

शेवटचा भाग. सरहद्द ओलांडली की फ्योर्ड संपतो आणि तूर्नेत्रेस्क तळं सुरू होतं, सत्तर किलोमीटर लांब, पुन्हा डावीकडे. मध्ये तूर्नेहाम्नला रूळ बांधणाऱ्या मजुरांची छोटी दफनभूमी आहे. त्यांना जेवण रांधून घालणाऱ्या एका बाईची दंतकथा त्या भागात अजून सांगतात, 'काळी अस्वल' म्हणून. आबिस्कोला उतरलो. एवढ्यासाठी उजवीकडची खिडकी: लाप्पोर्तेन, दोन डोंगरांच्या मधली अर्धगोल खाच, कुणीतरी नारळ फोडून वाटी उचलून नेल्यासारखी. सामी लोक, म्हणजे इथले मूळ रहिवासी, तिला चुओन्यावाग्गी म्हणतात, आणि नाव त्यांचंच जुनं आहे. राष्ट्रीय उद्यान १९०९ चं. चारशेहून अधिक किलोमीटरची पायवाट इथून सुरू होते, त्यातले आम्ही दोन चाललो. परत येताना वाटेत रेनडिअर उभे. हलेनात. बाबा म्हणाले, "सीआरओची केस." रेल्वेच्या भाषेत कॅटल रन ओव्हर.

अवनी_त्रोनहेम

हसू आलं, पण इथे तो खरंच मोठा प्रश्न आहे. हिवाळ्यात रुळांवर बर्फ कमी असतो म्हणून रेनडिअर तिथूनच चालतात. वाईट वर्षी बुडोच्या मार्गावर शेकडो मरतात, आणि ते कुणाचे तरी असतात. सामी कुटुंबांचं ते पशुधन आहे.

गिट्टी

हे बाबांना माहीत होतं. घाटात म्हैस मेली की गावात जाऊन तोंड दाखवायचं काम त्यांच्याकडे यायचं.

किरुना. खाणीमुळे जमीन खचतेय म्हणून अख्खं गाव काही किलोमीटर हलवतायत, २००४ पासून ठरलंय. रेल्वे स्टेशन आधीच हललं. आम्ही गेलो तेव्हा १९१२ चं लाकडी चर्च बंद होतं आणि ते न्यायचं म्हणून रस्ता रुंद केलेला. रिकामा, नवाकोरा, कुठेच न जाणारा रस्ता. १९ आणि २० ऑगस्टला ते चर्च, ६७२ टन, उभंच्या उभं पाच किलोमीटर नेलं. स्वीडिश टीव्हीने थेट दाखवलं. बाबांनी डोंबिवलीत बसून दोन्ही दिवस बघितलं, जेवणाचं ताट तिथेच. वेग तासाला अर्धा किलोमीटर वगैरे. मी म्हटलं काय बघताय एवढं? म्हणाले, "लेव्हल."

खवय्या_नंबर_दोन

बाबांना माझा नमस्कार सांगा. आणि आयडी 'गिट्टी' का ते आत्ता कळलं.

शंकेखोर

काकांसाठी एक प्रश्न. नॉर्वेत रुळांना स्लीपरवर धरून ठेवायला काय वापरतात ते त्यांनी पाहिलं का?

गिट्टी

पाहिलं म्हणजे! नार्विकच्या फलाटावरून वाकून बघितलं आणि मला ओढून दाखवलं. "बघ, आपलं पँड्रोल! एवढ्या लांब आलं." वळवलेल्या जाड तारेसारखी ती क्लिप असते ना, हातोड्याने ठोकून बसवायची. आपल्याकडे कागदोपत्री ईआरसी (इलास्टिक रेल क्लिप), पण गँगमध्ये सगळे पँड्रोलच म्हणतात. बाबांना इतका आनंद झाला होता की मला वाटलं फलाटावरून खाली उतरतात आता.

शंकेखोर

मग हे त्यांना जरूर सांगा. पँड्रोल हे नाव आलं ते पेर पांदे-रोल्फसेन या माणसाच्या आडनावावरून. नॉर्वेजियन रेल्वेचा इंजिनिअर. त्याने १९५७ मध्ये ती क्लिप शोधली, मग एका ब्रिटिश कंपनीने हक्क घेतले आणि ती जगभर गेली. म्हणजे ती आपल्याकडून तिकडे नाही गेली, तिकडून आपल्याकडे आली.

तात्या_तारकर्ली

अरे बापरे. काका काय म्हणाले?

गिट्टी (दुसऱ्या दिवशी)

काल रात्री सांगितलं. आधी विश्वासच बसेना. मग विचारलं, तो स्वतः लाईनवर जायचा की ऑफिसात बसायचा? मला माहीत नाही म्हटलं. थोडा वेळ गप्प होते. मग डायरी काढली, रेल्वेची जुनी, निळ्या पुठ्ठ्याची, आणि म्हणाले, "नाव नीट सांग. एकेक अक्षर."

अवनी, 'पांदे' मधला 'द' तुमच्याकडे उच्चारतात की गिळतात? ते विचारतायत.